पहिला पीसी स्वतः जोडायचाय, दशावताराच्या चित्रणाच्या एडिटिंगसाठी. पार्ट कोणते घेऊ?

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी कुडाळजवळच्या एका गावात राहतो. आम्ही तिघे मित्र दोन मोसम जत्रांमधली दशावतारी नाटकं चित्रित करतोय. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं, म्हणजे एका रात्रीचं चार तासांचं चित्रण सहज होतं. समोर ट्रायपॉडवर सोनीचा मिररलेस कॅमेरा असतो आणि पायपेटी-पखवाजाच्या बाजूला एक फोन.

एडिटिंग बहिणीच्या जुन्या लॅपटॉपवर करतो. रॅम ८ जीबी. टाइमलाइनवर प्ले दाबलं की चित्र अडकतं आणि आवाज पुढे निघून जातो. गेल्या मोसमातली ११ नाटकं हार्डडिस्कवर तशीच पडून आहेत. त्यातल्या एकात संकासुर करणाऱ्या काकांनी आता वयामुळे काम थांबवलंय. त्यांचं ते शेवटचं चित्रण नीट करून त्यांच्या घरी द्यायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं आहे.

बजेट १ लाख १० हजार. मॉनिटर आहे. एका दुकानातून मिळालेली यादी अशी:

आय५-१४४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅमची एक पट्टी, ५१२ जीबी एसएसडी, ४५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा, कंपनी लिहिलेली नाही), समोर काच असलेला दिव्यांचा कॅबिनेट.

घेऊ का? पीसी कधी जोडलेला नाही, पण शिकायची तयारी आहे.

---

ग्रँटरोड_स्लो

थांबा, पैसे देऊ नका. आधी एक काम करा. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, कॅमेऱ्याची एक फाइल आणि फोनची एक फाइल त्यात उघडा आणि कोडेक, बिट डेप्थ, क्रोमा सबसॅम्पलिंग, बिट रेट, फ्रेम रेट मोड हे सगळं इथे लिहा. त्याआधी प्रोसेसरवर बोलण्यात अर्थ नाही.

---

तिसरी_घंटा

कॅमेरा: एचईव्हीसी, ३८४० x २१६०, ४:२:२, १० बिट, साधारण १०० एमबीपीएस.
फोन: एचईव्हीसी, ४:२:०, ८ बिट, फ्रेम रेट मोडसमोर 'व्हेरिएबल' लिहिलंय.

---

ग्रँटरोड_स्लो

तुमच्या सगळ्या त्रासाचं मूळ या दोन ओळींत आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण नवीन माणसाला दुकानात हे कोणी सांगत नाही.

एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी. यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक फ्रेम पूर्ण असते आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढी नोंद असते. कार्डावर जागा वाचते, पण तुम्ही टाइमलाइनवर मध्येच कुठे बोट ठेवलंत की संगणकाला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून हिशेब करत यावं लागतं. एडिटिंगमध्ये आपण दिवसभर हेच करतो.

हा हिशेब करायला प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात वेगळा छोटा भाग असतो, डिकोडर. तो ठरावीक प्रकारच्याच फाइली ओळखतो. फोनची ४:२:० फाइल आजकाल जवळपास सगळे ओळखतात. तुमच्या कॅमेऱ्याची ४:२:२ मात्र नाही. ४:२:२ मध्ये रंगाची नोंद फक्त आडव्या दिशेने निम्मी केलेली असते, ४:२:० मध्ये आडवी आणि उभी दोन्ही. रंग जास्त टिकतो, म्हणून तुमच्या कामाला ते बरोबरच आहे, लाल-हिरव्या दिव्यांत रंगवलेला चेहरा त्यात चांगला सावरता येतो. पण आरटीएक्स ४०६० चा डिकोडर ४:२:२ उलगडत नाही. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून एनव्हिडियाने ती सोय दिली. ३० आणि ४० मालिकेत ती नाही.

इंटेलच्या १२, १३, १४ व्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये जे साधं अंगभूत ग्राफिक्स असतं, ते मात्र १०-बिट ४:२:२ एच.२६५ हार्डवेअरवर उलगडतं. त्याला क्विक सिंक म्हणतात. आता तुमची यादी पुन्हा बघा: आय५-१४४००एफ. एफ म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नाही. नेमका तुम्हाला लागणारा भाग नसलेला प्रोसेसर आणि तुमची फाइल न ओळखणारं कार्ड, अशी ही जोडी आहे. गेमसाठी ती चालली असती.

माझं मत: आय५-१४५००. १४ कोअर (६ मोठे, ८ छोटे), २० थ्रेड. त्याचं यूएचडी ७७० ग्राफिक्स १४४०० च्या ७३० पेक्षा वरचं आहे, कारण व्हिडिओ उलगडायची इंजिनं ७३० मध्ये एक आणि ७७० मध्ये दोन आहेत. कॅमेरे दोन झाले की हा फरक जाणवतो.

आणि कॅमेऱ्यात एक गोष्ट कायम पाळा. सोनीवर 'एक्सएव्हीसी एचएस' म्हणजे एच.२६५ आणि 'एक्सएव्हीसी एस' म्हणजे एच.२६४. १०-बिट ४:२:२ एच.२६४ या इंटेलच्या डिकोडरला जमत नाही. सध्या तुम्ही एचएसवर आहात, तिथेच राहा.

---

चंद्रपुरी_ऊन

वरची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट संपलाय, १४ वी पिढी ही त्यावरची शेवटची. आज त्यात पैसे घातले तर पुढे फक्त प्रोसेसर बदलायचा रस्ता बंद. त्यापेक्षा एएमडीच्या एएम५ सॉकेटचा बोर्ड, रायझेन ७ ७७०० (८ कोअर, ६५ वॉट, कूलर डब्यातच येतो) आणि आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड घ्या. ४:२:२ कार्ड सांभाळेल, एच.२६४ वालंसुद्धा. तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदला.

शिवाय १३-१४ व्या पिढीच्या इंटेलमध्ये व्होल्टेजची गडबड निघाली होती, ते विसरू नका.

---

ग्रँटरोड_स्लो

गडबड खरी आहे. इंटेलने २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिले आणि ज्या प्रोसेसरमध्ये ती गडबड होऊ शकते त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बोर्ड आणल्यावर विंडोज टाकायच्या आधी बायॉस (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) नवं करायचं, हे यादीत पहिलं लिहून ठेवा.

एएम५ चा मुद्दाही मान्य. पैसे मोकळे असते तर मीही तेच सांगितलं असतं. पण एएम५ वर फक्त डीडीआर५ रॅम बसते आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव किती चढलेत ते तुम्हाला माहीत आहे. एलजीए १७०० चे बी७६० बोर्ड डीडीआर४ मध्येही मिळतात. जुनी चांगली डीडीआर४ जोडी मिळाली तर वाचलेले पैसे कुठे लावायचे, ते ठरवता येईल.

---

जुनी_रीळ

ते पैसे कुठे लावायचे ते मी सांगते. पंधरा वर्षं लग्नाची आणि संस्थांच्या कार्यक्रमांची एडिटिंग करते आहे, सांगलीत.

तुम्ही सॉफ्टवेअर कोणतं वापरणार ते सांगितलंच नाहीत. बहुतेक जण डाव्हिंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती म्हणतात. ती फार चांगली आहे, मीही तिथूनच सुरुवात केली. पण विंडोजवर तुमच्या १०-बिट ४:२:२ फाइलींना हार्डवेअरची मदत मिळते ती स्टुडिओ आवृत्तीत. फुकटमध्ये माझ्याकडे अशा फाइलींचा नुसता आवाज यायचा, चित्राच्या जागी लाल पट्टी. खरेदीआधी तुमची एक क्लिप त्यात टाकून बघा, त्याला पैसे लागत नाहीत. लिनक्सवर टाकायचा विचार असेल तर तिथे फुकट आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ दोन्ही उघडत नाही.

स्टुडिओचा परवाना २९५ डॉलर, एकदाच. दर महिन्याचं भाडं नाही आणि दोन संगणकांवर चालू ठेवता येतो. रक्कम मोठी वाटेल. तरी मी सांगेन की ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घ्या, पण परवाना घ्या. कारण तुमचं चित्रण रात्रीचं आहे. रात्रीच्या चित्रणात दाणे येतात आणि ते घालवायचं टेम्पोरल नॉइज रिडक्शन फक्त स्टुडिओत आहे.

आता कार्ड. नॉइज रिडक्शनला ४के वर कार्डाची मेमरी लागते. ८ जीबीवर माझं एक्स्पोर्ट मध्येच बंद पडायचं, 'जीपीयू मेमरी भरली' असा संदेश येऊन. ४:२:२ उलगडायचं काम इंटेलकडे सोपवलंय, तर कार्डाने ते केलंच पाहिजे असं नाही. मग आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी वालं बघा. पिढी जुनी आहे, पण मेमरी जास्त आहे. त्याच नावाचं ८ जीबी कार्डही बाजारात आहे, डब्यावर नीट वाचून घ्या.

---

मालवणी_मसालो

खयचो रे तू? पिंगुळीच्या बाजूचो काय? चित्रण करतास ता ऐकान बरा वाटला. संगणकातला माका काय कळना नाय, पण आडदशावतार कापू नको. लोक आख्यानच ठेवतत आणि सुरुवातीचा सगळा काढून टाकतत.

---

तिसरी_घंटा

@मालवणी_मसालो: पिंगुळीपासून लांब नाही. आडदशावतार पूर्ण ठेवतो, संकासुर त्यातच तर येतो.

@जुनी_रीळ: क्लिप टाकून बघितली. तुम्ही म्हणालात तसंच, आवाज येतो, चित्र नाही. परवाना आम्ही तिघे मिळून घेणार. म्हणजे पार्टसाठी ८४-८५ हजार उरतात. यूपीएसचे पैसे बाबा देतायत.

रॅम किती? १६ पुरेल का?

---

जुनी_रीळ

३२. चार तासांची टाइमलाइन आणि ४के, १६ मध्ये गुदमरेल. आणि एक पट्टी नको, १६ च्या दोन. दोन पट्ट्यांनी मेमरीकडे जायचे दोन रस्ते उघडतात आणि अंगभूत ग्राफिक्स हीच रॅम वापरतं.

---

ग्रँटरोड_स्लो

जुनी डीडीआर४ ३२०० ची एकाच संचातली जोडी शोधा. विकणाऱ्यासमोर शक्य नसेल तर घरी आणून पहिल्याच रात्री रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावा. एकही चूक दिसली तर परत. हे बोलणं पैसे देण्याआधी करून घ्या.

जुनं ग्राफिक्स कार्ड मात्र वॉरंटी शिल्लक असलेलं आणि मूळ बिल असलेलंच. क्रिप्टोच्या खाणकामात वर्षभर तापलेली ३०६० खूप फिरतायत.

---

डबल_बॅकअप

साठवणुकीवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

१०० एमबीपीएस (मेगाबिट) म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी (मेगाबाइट), तासाला ४५ जीबी. चार तासांचं नाटक १८० जीबी. मोसमात २० नाटकं केलीत तर एका कॅमेऱ्याचंच ३.६ टीबी. ५१२ जीबीच्या एसएसडीत विंडोज आणि दोन नाटकं बसतील.

१ टीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या, त्यावर विंडोज, सॉफ्टवेअर आणि सध्या हातात असलेलं एकच नाटक. बाकी सगळं ४ टीबीच्या साध्या हार्डडिस्कवर. तुमची फाइल सेकंदाला साडेबारा एमबी मागते, साधी हार्डडिस्कही त्याच्या दसपट देते. म्हणून चौथ्या-पाचव्या पिढीच्या महागड्या एसएसडीच्या मागे लागू नका. फक्त क्यूएलसी प्रकारची टाळा. मोठ्या फाइली ओतताना तिची कॅश भरली की वेग एकदम पडतो.

आणि दुसरी प्रत. बाहेरची एक हार्डडिस्क, संगणकाला कायम न जोडलेली, शक्य असेल तर दुसऱ्या मित्राच्या घरी. माझ्याकडे एका गावच्या कीर्तन सप्ताहाचं चित्रण एकाच डिस्कवर होतं. डिस्क गेली. कीर्तनकार त्यानंतर वर्षभरात गेले. त्या घरच्यांना काय सांगायचं ते मला आजही कळलेलं नाही. तुम्ही संकासुराच्या काकांचं लिहिलंत, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. पीसी येईपर्यंत थांबू नका, आज प्रत काढा.

---

तिसरी_घंटा

आज संध्याकाळी मित्राच्या डिस्कवर प्रत काढली. दोन्हीकडे उघडून बघितली. धन्यवाद, मनापासून.

---

चंद्रपुरी_ऊन

एएम५ चा हट्ट सोडतो, तुमच्या गणितात इंटेल बसतंय.

आता वीज. तो नाव नसलेला ४५० वॉटचा एसएमपीएस घेऊ नका. १४५०० पूर्ण जोरात १५० वॉटच्या आसपास जातो, ३०६० चे १७० वॉट, बाकी सगळं मिळून चारशेच्या आत. म्हणजे चांगल्या कंपनीचा ५५० वॉट पुरतो, ६५० घेतलात तर पुढच्या कार्डाची सोय. ८० प्लस ब्राँझ चालेल, वॉरंटी पाच वर्षांची तरी बघा.

यूपीएसवरचा व्हीए आकडा म्हणजे वॉट नव्हे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, एक्स्पोर्ट चालू असताना वीज गेली की तोही बसेल. १००० किंवा ११०० व्हीए घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्थिंग. घरच्या तीन पिनच्या सॉकेटला खरंच अर्थ आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटच्या पत्र्यावर व्होल्टेज येतं, हात लावला की झिणझिण्या येतात. आवाजात घूंऽऽ येत असेल तर तिचंही कारण कधीकधी तेच असतं.

कॅबिनेट समोरून जाळीचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि काचेआडचे पंखे नुसती गरम हवा घुसळत बसतात. तुमच्याकडे ऊन कमी पण दमट हवा आणि मीठ आहे. पावसाळ्यात पीसी महिनाभर बंद ठेवू नका, दोन दिवसांआड तासभर चालवा.

---

तिसरी_घंटा

अर्थिंग तपासलं. त्या खोलीतल्या सॉकेटला वायरच जोडलेली नव्हती! आता जोडून घेतली.

शेवटची यादी:

आय५-१४५०० नवा, डबाबंद
बी७६० डीडीआर४ बोर्ड, एम.२ च्या (एसएसडी बसवायच्या) दोन जागा असलेला
१६ x २ डीडीआर४ ३२००, वापरलेली
आरटीएक्स ३०६० १२ जीबी, वापरलेलं, बिलासकट, १४ महिने वॉरंटी बाकी
१ टीबी एनव्हीएमई, ४ टीबी हार्डडिस्क
६५० वॉट ब्राँझ
जाळीचा कॅबिनेट, तीन पंखे
प्रोसेसरसाठी वेगळा एअर कूलर, कारण त्याच्या डब्यातला छोटा वाटला

शनिवारी रात्रीच्या गाडीने मुंबईला जातोय. लॅमिंग्टन रोडवर, पार्टच्या दुकानांत, काय सांभाळू?

---

ग्रँटरोड_स्लो

दर फोनवर आधी विचारून घ्या, दोन-तीन ठिकाणी. जीएसटीसकट दर विचारा, पार्टवर १८ टक्के असतो आणि बिलाशिवायचा दर ऐकायला स्वस्त वाटतो. पक्कं बिल घ्या, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या. गावाकडून वॉरंटीसाठी कुरियर करताना तोच कामाला येतो. बोर्डचा डबा दुकानातच उघडा, सॉकेटवरची प्लॅस्टिकची टोपी उचलून मोबाइलच्या उजेडात पिना बघा. एकही वाकडी असेल तर दुसरा डबा मागा. घरी गेल्यावर कोणी ऐकत नाही.

कॅबिनेट जवळपास घ्या, रेल्वेत वागवू नका.

---

तिसरी_घंटा

सगळं आलं. आज दुपारी दोनला बसलो, रात्री आठला जोडून झालं. पंखे फिरतात, बोर्डवरचे दिवे लागतात, मॉनिटरवर काहीच नाही. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवली आहे, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे. ८ पिनची प्रोसेसरची वायर लावली आहे. छातीत धडधडतंय.

---

जुनी_रीळ

एचडीएमआय कुठे लावली आहे, बोर्डच्या पोर्टला की ग्राफिक्स कार्डाच्या?

---

तिसरी_घंटा

बोर्डच्या! कार्डाला लावली, आलं!! बायॉस दिसलं.

---

ग्रँटरोड_स्लो

अभिनंदन. पण याचा अर्थ कार्ड लावल्यावर बोर्डने अंगभूत ग्राफिक्स बंद केलंय. तसंच राहिलं तर क्विक सिंक मिळणार नाही आणि आपण ज्यासाठी हा प्रोसेसर घेतला तेच जाईल. बायॉस नवं करा, मग त्यात 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' किंवा तशा नावाचा पर्याय चालू करा. त्याच फेरीत एक्सएमपी चालू करा, नाहीतर रॅम ३२०० वर धावणार नाही. विंडोजमध्ये इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर वेगळा टाका. मग रिझॉल्व्हच्या डिकोड पर्यायांत इंटेल निवडा.

खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरमध्ये इंटेलच्या जीपीयूवर 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख बघा. क्लिप चालू केली की तो हलला पाहिजे.

---

तिसरी_घंटा

मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही चूक नाही. आलेख हलतोय. कॅमेऱ्याची क्लिप उलटी-सुलटी ओढली तरी हाताबरोबर येते. दोन वर्षांत हे पहिल्यांदा बघतोय.

फोनची क्लिप मात्र अजून तासाभरात आवाजाच्या मागे पडते.

---

जुनी_रीळ

तो पीसीचा दोष नाही. फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही, तुमच्याच पहिल्या प्रतिसादात 'व्हेरिएबल' होतं. शटर एन्कोडरमध्ये किंवा हँडब्रेकमध्ये स्थिर फ्रेम रेटवर बदलून घ्या, कॅमेऱ्याचा असेल तोच रेट द्या. मूळ फाइल पुसू नका. आणि पुढच्या जत्रेपासून फोनमध्ये शटर १/५० ठेवता येणारं अॅप वापरा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिव्यांची लुकलुक थांबेल.

---

तिसरी_घंटा

तीन आठवड्यांनी लिहितोय. काकांचं नाटक पूर्ण झालं. आडदशावतारासकट ३ तास ५२ मिनिटं. नॉइज रिडक्शन फक्त अंधाऱ्या प्रवेशांवर लावलं, पूर्ण नाटकावर लावलं असतं तर चेहऱ्यावरचा रंग मेणासारखा दिसत होता. १२ जीबी मेमरी एकदाही भरली नाही.

एक अडचण. उद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जायचंय आणि त्यांच्याकडे सात-आठ वर्षांपूर्वीचा टीव्ही आहे. पेन ड्राइव्हवर फाइल जातच नाही, 'फाइल मोठी आहे' म्हणतो, आणि ड्राइव्हवर जागा तर आहे.

---

डबल_बॅकअप

पेन ड्राइव्ह फॅट३२ आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून बघा. पण जुना टीव्ही ते वाचेल याची खात्री नाही, म्हणून दुसरा ड्राइव्ह फॅट३२ च ठेवून त्यावर नाटकाचे प्रवेशांप्रमाणे तुकडे करा, प्रत्येक ४ जीबीच्या आत. आणि टीव्हीसाठी एक्स्पोर्ट वेगळं: एच.२६४, ८ बिट, ४:२:०, १०८०. तुमची १०-बिट ४:२:२ फाइल टीव्ही उघडणार नाही. दोन्ही ड्राइव्ह घेऊन जा.

---

तिसरी_घंटा

दोन्ही नेले. एनटीएफएसवाला टीव्हीने वाचला नाही, तुकड्यांचा चालला. काकांनी पहिला तुकडा लागल्या लागल्या टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला, आणि मग पखवाज कोण वाजवतोय ते नावानिशी सांगत बसले. ती नावं मी वहीत उतरवून घेतली, शेवटच्या पाट्यांमध्ये घालतोय. तुकड्यांना आता तीच पाटी जोडून पुन्हा एक्स्पोर्ट लावलंय, १८ मिनिटं बाकी दाखवतंय.